अळणी

दिवाळे गावचे हसुराम काका
बोंबील द्यायला आले, दारातच थबकले.
टाकीत सहा आठवडे
नुसते दगड आणि पाणी.
"मासली कुठं?"
म्हटलं, आधी पाणी मुरायला हवं.

मी आरओच्या बादलीत
पाकिटातलं मीठ ढवळत होतो,
खारेपणा मोजायची नळी
दुर्बिणीसारखी डोळ्याला लावून.
काकांनी हात धुतले,
बोट बुडवून जिभेवर ठेवलं,
चौदाव्या मजल्यावरून खाडीकडं पाहिलं.
"अलनी हाय."

नळीही तेच म्हणाली.

अर्धी वाटी मीठ आणखी.

तेवढ्यात दगडाच्या भेगेत
कुणी न आणलेलं,
नखाएवढं, पिसासारखं काहीतरी
उघडलं.
सावली पडताच मिटलं.

बोंबलांची पिशवी ओट्यावर गळत राहिली.
काका उकिडवे बसले,
पुन्हा उघडेल म्हणून.