एकोणीस पानं

यादी केली लाइटबिलाच्या मागे.
माणसं एकोणीस,
रोज पहाटे अजिंक्यतारा चढणारी,
उतरल्यावर चहाला थांबणारी.
बामणोलीला पाण्याकाठी एक रात्र, रांधायचं आपणच,
असं ठरलं, आणि वही माझ्याकडे आली,
कारण एसटीच्या बुकिंगला मी एकतीस वर्षं
सुट्टे मोजलेत.

चोरगे म्हणाले, मटण लिहा. चार किलो.
चरबी बेतानं.
लिहिलं.
मग राजश्री ननावरेनं कॅलेंडर उलटलं
आणि शनिवारच्या चौकोनावर बोट ठेवलं:
संकष्टी.

मटण खोडलं.
उपास सोडायचा म्हणून कांदा खोडला, लसूण खोडला.
प्रमिलाबेन ओसवालांसाठी बटाटा.
उरला कोरेगावचा वाघ्या घेवडा,
ज्वारीचं पीठ, आणि मोदकांऐवजी कंदी पेढे.
चोरगे वहीकडे बघत राहिले,
घरचं कुणी गेल्यासारखे.

खरी अडचण पुढेच होती.
दहा जण चंद्र उगवल्याशिवाय जेवणार नाहीत.
प्रमिलाबेन सूर्य मावळल्यावर जेवणार नाहीत.
मुमताज शिकलगार हसली, माझं कवापण चालतंय,
रोजे धरणाऱ्या माणसाला घड्याळाचं काय सांगता.
एक पातेलं, दोन वेळा, मधे चार तास.
ते चार तास कुठल्या रकान्यात लिहायचे
मला सुचेना.

तिथं पोचलो तर वारा पाण्यावरनं सरळ चुलीत.
माचिसच्या अकरा काड्या गेल्या.
मुमताजनं तिन्ही दगड उचलले, फिरवले,
तोंड डोंगराकडं केलं,
आणि आग लागली, एवढंच.
घेवडा शिजायला आला तेव्हा कळलं,
पळी राहिली.
आरतीचा नारळ होता. जंगमांनी इकडंतिकडं बघितलं,
म्हणाले, देव समजून घेईल,
आणि फोडला.
करवंटीला कारवीची काठी बांधली.

साडेपाचला प्रमिलाबेन एकट्या जेवल्या.
अठरा जण भोवती उभे, पाहुणीला वाढावं तसे.
त्या लाजल्या, भराभर उरकलं, पाणी प्यायल्या,
आणि सूर्य पलीकडच्या रानात गेला तशा
परातीपुढं बसल्या.
स्वतः न खाणार असलेल्या भाकऱ्या
अंधारात थापत राहिल्या.
त्यांच्या बांगड्यांवरनं
मी भाकऱ्या मोजत होते. बावन्न.

पंचांगात चंद्रोदय नऊ वाजून चार मिनिटं.
नऊला सगळे पूर्वेकडं तोंड करून.
सव्वानऊ.
साडेनऊ.
पूर्वेला कासचा डोंगर, काळा, हलायला तयार नाही.
पंचांगाला डोंगर माहीत नसतो.
जंगम म्हणाले, उगवलाय, फक्त दिसत नाही, धरा उगवला.
राजश्री म्हणाली, धरायचा असता तर सकाळीच धरला असता.

मी लाकडं पुढं सारत होते. एकेक.
घेवडा आटायला लागला की करवंटीभर पाणी.

चोरग्यांचा उपास नव्हता.
त्यांनी बॅटरी उचलली, कुणाला न सांगता
डोंगराला लागले.
उजेडाचा एक ठिपका, झाडीत बुडायचा, वर निघायचा.
बऱ्याच वेळानं वरनं हाक आली:
दिसलाऽऽ!

राजश्रीनं त्या हाकेलाच हात जोडले.
बाकीच्यांनीही.
पानं पडली. घेवडा खाली थोडा लागला होता,
धुराचा वास होता, आणि कुणी बोलत नव्हतं.

चंद्र आमच्या डोंगरावर आला तेव्हा
मी राखेनं पातेलं घासत होते.
अकराला दहा कमी.
चोरगे नुकतेच उतरून
गार भाकरीवर तूप घालून घेत होते.
राजश्रीनं विचारलं, खरंच दिसला होता का हो तेव्हा?
ते म्हणाले, वरनं आधी दिसतंय, ताई.
आणि पानात बघून जेवू लागले.
तिनं पुढं काही विचारलं नाही.
दोन पेढे आणून त्यांच्या पानात ठेवले.

सकाळी होडीवाल्याचा हिशेब मिटवताना
लाइटबिल पुन्हा काढलं.
मटणावरची रेघ तशीच होती.
तिच्याखाली लिहिलं:
पळी. दोन.