साचा

रात्री मी मोजायची.
घोरणं नव्हे. घोरणं मोजायचं काय,
ते साऱ्या गल्लीला पाठ होतं.
नळावर कुंभोजकाकू विचारायच्या,
"रात्री ट्रक रिव्हर्स घेत होता काय गं तुमच्या दारात?"

मी मोजायची ते मधलं.
घोरणं अर्ध्यात तुटायचं
आणि पुढचं यायचंच नाही,
ते.
सात. अकरा. चौदा.
एकदा बत्तीस.
तेव्हा मी बरगडीत कोपर घातलं,
तर तळ गाठून वर आलेल्या माणसासारखा
आ वासून उठून बसला
आणि मलाच म्हणाला, "झोपू दे की जरा."

दिवसा मात्र कुठंही झोपायचा.
तावडे हॉटेलपाशी, सिग्नलला, गाडीवर.
उद्यमनगरात, वाळूच्या ढिगाला टेकून,
भट्टी पेटलेली असताना.
मुकादमानं फोन केला त्या दिवशी
मी पोळपाटावरचं पीठ तसंच ठेवून डॉक्टर गाठला.

एक रात्र अंगाला वायरी लावून झोपला.
कागद आला : तासाला तेवीस वेळा.
म्हणजे मी कमीच मोजत होते.

आधी मशीन आणलं, नाकावर मुखवटा, लांब नळी.
नऊ रात्री.
दहाव्या रात्री उशाखालनं काढून माझ्या हातात दिलं :
"मी काय ट्यूब आहे होय, हवा भरायला?"

मग डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली, राजारामपुरीत,
दातांच्या शहनाज बागवान मॅडमकडं.
"श्वासाला दातवाली?" जिना चढेपर्यंत कुरकुर,
"पाय मुरगळला म्हणून न्हाव्याकडं चाललोय."

मॅडमनी आधी हिरड्या बघितल्या,
मग तंबाखूबद्दल दोन वाक्यं, आवाज न चढवता.
कानापुढं बोटं ठेवून म्हणाल्या, उघडा, मिटा, उघडा.
झोपेत जीभ मागं पडते, वाट बुजते.
खालचा जबडा थोडा पुढं धरून ठेवायचा,
एवढंच.

तोंडात गुलाबी लगदा, पुदिन्याचा वास,
डोळ्यांतनं पाणी, आणि तरी
बत्तीस वर्षं वाळूत साचे दाबलेला हा माणूस
हातानंच विचारत होता, किती वेळ? किती दाब?
तोंड मोकळं झाल्यावर पहिलं वाक्य :
"आमच्याकडं साचा फोडल्याशिवाय माल निघत नाही."
मॅडम हसल्या. "इथं काही फोडायचं नाही हं, आनंदराव."

तीन आठवड्यांनी डबी आली.
दोन पारदर्शक पट्ट्या, बाजूला बारके स्क्रू, एक किल्ली.
आठवड्याला एक फेरा, पाव मिलिमीटर.
यानं कामावरचं व्हर्नियर आणून तपासलं :
"टॉलरन्स चांगला आहे बाईचा."

सोपं नव्हतं.
उशी लाळेनं भिजायची.
सकाळी दातावर दात बसायला नऊ वाजायचे,
तोवर भाकरी चहात बुडवून,
जबडा धरून, माझ्यावर चिडून.
एकदा किल्ली हरवली, सापडली मिसळणाच्या डब्यात.
कशी, ते दोघांनीही विचारलं नाही.

पुन्हा वायरी, पुन्हा कागद : तासाला सहा.

आणि घर गप्प झालं.
तीच गप्प, जिला मी अकरा वर्षं भ्यायले.
दोन वाजता टक्क जागी व्हायची मी,
वीस, तीस, चाळीस,
मग हात त्याच्या पोटावर.
पोट वर येत होतं. खाली जात होतं.
गप्प दोन प्रकारची असते
हे मला बोटांनी शिकावं लागलं, कानांना पटेना.
कुंभोजकाकूंनी विचारलं, "गावाला गेलेत होय हे?"

आता मी चाळीसपर्यंत जात नाही.
बारा-तेरालाच कुठंतरी
आकडा हातातनं सुटतो.

प्लास्टरचे दात मॅडमनी आम्हालाच दिले.
फ्रीजवर असतात, चहाच्या डब्याशेजारी,
वरचा खालच्यावर ठेवलेला.
धूळ पुसताना
खालचा मी जरासा पुढं सरकवते.