आ करा

इवालोच्या दवाखान्यात डिसेंबरात सूर्य येत नाही,
येतात ते दात दुखणारे.
बूट दाराशी काढतात, लोकरीच्या मोज्यांनी
काचेच्या टाकीपुढे येऊन बसतात
आणि आतून ड्रिलचा आवाज आला की
नजर पाण्यात बुडवून ठेवतात.

टाकीत एक प्रवाळ. नऊ तोंडांचं.
हिरवट बोटं पसरून बसलेलं,
जणू आठ वर्षं त्याचा नंबरच लागलेला नाही.

सोमवारी त्याच्या एका तोंडावर
तपकिरी शेंबडासारखं काही लोंबत होतं.
झाकण उघडलं आणि वास ओळखला.
पंधरा वर्षं हिल्काच्या उजव्या हाताशी उभी आहे मी,
सडलेल्या दाढेच्या मुळाचा वास
मला खाऱ्या पाण्यातूनही कळतो.

बुधवारपर्यंत दुसरं तोंड गेलं.
मांस विरघळून खाली उघडा दगड,
हिरडीनं सोडून दिलेल्या सुळ्यासारखा.

गुरांचा डॉक्टर आस्लाक,
ज्याचा जन्म रेनडिअरच्या खुरांत गेला,
फोनवर बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, वजन किती?
मी म्हटलं, दगडासकट की दगड सोडून?
पुन्हा गप्प.
चिठ्ठी देतो, पण जनावर म्हणून काय लिहू?
लिही, नऊ तोंडं होती, सात उरली,
डोळा एकही नाही,
खाणं आणि टाकणं एकाच वाटेनं,
तक्रार नाही.

शेवटचा पेशंट गेल्यावर हिल्कानं दिवा खाली ओढला.
मी ट्रेवर धरलं त्याला, ओल्या कापसावर.
सवयीनं तिच्या तोंडून गेलं, आ करा.
आम्ही दोघीही हसलो नाही.
चकती फिरली. ओली पांढरी भुकटी हातमोज्यांवर.
तोच आवाज, तीच भुकटी,
फक्त खुर्चीचा हात कुणी आवळला नाही.
सिरिंजनं घाण ओढून घेतली,
मग आयोडीन, कोऱ्या चहाच्या रंगाचं,
मग बादलीत कोमट खारं पाणी
आणि मोजून घातलेली गोळीची पूड.

आता खरी अडचण.
या औषधाला उजेड सोसत नाही
आणि हा जीव उजेडावरच जगतो:
कातडीत शेवाळाचे कण, तेच त्याचे आचारी.
रोग मारायचा तर आधी चूल विझवायची.

बादली एक्स-रेच्या खोलीत नेली,
वरून काळं कापड, शेजारी गुरगुरणारा छोटा पंप.
अंधाराची आमच्याकडे ददात नाही.
बाहेर उणे अठ्ठावीस,
दुपारी बाराला क्षितिजावर निळी रेघ,
तीही पंधरा मिनिटांत कुणी पुसून घेतल्यासारखी.

रात्रभर औषध, दिवसा दिवा.
रोज सकाळी जुनं पाणी वेगळ्या पिंपात,
ब्लीच घालून, झाकण लावून.
तसंच नाल्यात सोडायचं नाही.
अर्धा मेलेला जंतू शहाणा होऊन परततो,
हे आम्ही पेशंटांना रोज सांगतो:
बरं वाटलं तरी गोळ्या पुऱ्या करा.
कुणी करत नाही.
त्यानं केल्या. त्याला विचारलंच कोणी होतं?

चौथ्या सकाळी आणखी एक गेलं.
काढलेला दात मुलांना देतो
त्या प्लॅस्टिकच्या डबीत मी ते ठेवलं.
का, ते ठाऊक नाही. परी तर येणार नव्हती.

दहा रात्री झाल्या. मग टाकीत परत.

जानेवारीत टेकडीवर सूर्याची कड दिसली तेव्हा
आम्ही तिघे पेशंटांसकट खिडकीशी गेलो,
एकाच्या तोंडात अजून कापूस.
तो बोट दाखवून काही म्हणाला, कळलं नाही.
मागे वळले तर टाकीत
पाच तोंडं पसरली होती, दिव्याकडे.
मी वितळवलेली कोळंबी चिमट्यानं पुढे केली,
एकानं घेतली. गिळायला
बराच वेळ लावला, नव्या कवळीच्या म्हाताऱ्यासारखा.

सहावं अजून मिटलेलं आहे.
त्याला मी काही म्हणत नाही.