मसुद्यातली चूक

तिसऱ्या पानावर, सातव्या ओळीत
निमकरसाहेबांनी लाल शाईचा गोल केलाय.
गोलात एकच शब्द: 'आपण'.
बाजूला समासात त्यांचं बारीक अक्षर,
"इथं 'ते' हवं. टंकनदोष?"

टंकनदोष नाही, साहेब.
पण तसं लिहून पाठवायला हात उचलत नाही.

अकरा वर्षं झाली त्यांना वाघोटणच्या खाडीत उतरून.
आभाळातून आले, आणि आल्यावर
आभाळाकडे मान म्हणून वर केली नाही.
मुखाशी, जिथं गोडं पाणी खाऱ्याला वाट विचारतं,
तिथल्या कातळाच्या पोटात त्यांनी बिऱ्हाडं मांडली.
सरकारला दुभाषी हवा होता.
मला बुडी मारता येत होती,
आणि बापाची होडी विकून झाली होती.
एवढ्या पात्रतेवर मी, शेवंती तारी,
सगळ्या माणसांची वकील झाले.

त्यांचं बोलणं कानाला लागत नाही,
पाणी दाबून बोलतात, बरगड्यांना कळतं.
पहिलं वर्ष मी नुसती कालवासारखी
खडकाला चिकटून ऐकत राहिले.
मग समजलं, की त्यांचा शब्द एका भरतीपुरता.
ओहोटीला तो विरतो. पुन्हा द्यायचा.
मुंबईत एकदा सही झालेला करार
मी खाडीत सात हजार वेळा केलाय,
तापात, सुतकात,
आणि लग्न मोडलं त्या पहाटेसुद्धा.

मराठी शिकताना ते एकाच जागी अडले.
मी सांगितलं,
आम्ही म्हणजे तुम्हांला वगळून,
आपण म्हणजे तुम्हांला धरून.
बराच वेळ पाणी गप्प.
मग त्यांच्यातल्या एकाने
(माझ्यापुरतं त्याचं नाव तिवर)
विचारलं,
वगळायचं कधी, ते शब्द ठरवतो
की तुम्ही?

नारळी पुनवेनंतर बाबलच्या वावरीत
त्यांचं एक पोर गुंतलं.
रात्री मी चाळीस हात जाळं कोयत्याने कापलं.
भावाला कोणी सांगावं लागलं नाही,
कोयत्याची धार घरातलीच.
"तू कोणाचा मीठ खातंस गो?" एवढंच म्हणाला.
वाढलेलं ताट मात्र त्याने मागे ओढलं नाही,
तळलेल्या सौंदाळ्याची मोठी तुकडी
माझ्याच बाजूला होती.

आणि मोजणीची बोट कधी येणार,
असं तिवरने विचारलं तेव्हा
तारीख माझ्या पिशवीत होती, घडी घालून.
मी म्हटलं, ठाऊक नाही.

त्यांच्याकडे खोटंही एका भरतीपुरतंच टिकतं, साहेब.
हे तुमच्या नियमपुस्तकात नाही.
ओहोटीला मला ते पुन्हा बोलावं लागलं,
तेच शब्द, तसाच दाब देऊन.
पहिल्यांदा काही वाटलं नव्हतं.
दुसऱ्यांदा बरगड्या
रात्रभर ठणकत राहिल्या.
तिवर काही बोलला नाही.
त्याने माझ्याभोवतीचं पाणी
थोडं कोमट केलं,
आजारी माणसाला ते करतात तसं.

'ते' केलंय तिसऱ्या पानावर.
शुद्ध प्रत साडेसातच्या एसटीने देवगडला गेली.
कंडक्टरने पाकीट तिकिटांच्या पेटीखाली दाबलं
आणि विचारलं, खाडीतले बरे आहेत ना?
मी म्हटलं, बरे आहोत.
बस वळणापलीकडे गेल्यावर
माझं मलाच ऐकू आलं.

भांगाची ओहोटी, पावणेनऊला.
पाणी फार मागे जाणार नाही आज,
फार पुढेही आलं नव्हतं.
जेटीच्या पायऱ्यांवर शेवाळ, चप्पल हातात घेतलेली.
गुडघ्यापर्यंत उतरले की तिवर विचारेल.
तारीख अजून पिशवीतच आहे,
घडीवर कागद फाटायला आलाय.

मागे वाळूवर बाबलची वावरी सुकत पडलीय.
कापलेले चाळीस हात मीच विणून दिले,
पंधरा रात्री, नव्या नायलॉनने.
गाठी पक्क्या आहेत.
रंग तेवढा जुन्याला जुळत नाही.