चोळू नका

रात्रशाळेच्या बॅचचा मेळावा. रविवारी, परळला.
म्हणून शुक्रवारी चारलाच डंक बंद केला
आणि लालबागहून गेले मिनारा मशिदीकडे
अत्तर घ्यायला. आयुष्यात पहिल्यांदा.

साबण झाले होते, लिंबाच्या साली झाल्या होत्या,
भावजयीने दिलेला स्प्रेही झाला.
त्याच्याखाली मिरची नुसती नटून बसायची.
तेव्हाही अशीच यायचे मी, कामावरून थेट वर्गात,
आणि पुढच्या बाकावर घरत शिंकायचा.

यासीनभाईंनी काचेच्या काडीने
मनगटावर गुलाब टेकवला, दुसऱ्यावर खस.
मी मनगटावर मनगट घासणार, तोच
"चोळू नका ताई. मोडतं ते.
आधी तुमच्या कातडीशी बोलू द्या त्याला."

मातीचं दाखवायला लागले.
म्हटलं, ते राहू दे, ती घरच्या कुंडीत आहे.

मग खालच्या फळीवरून काळपट बाटली काढली.
"शमामा. थंडीतलं. काय काय आहे ह्यात, विचारू नका."
मी बूच हुंगलं.
दगडफूल, म्हटलं. जायपत्री. लवंग.
आणि वेलची, पण गेल्या सालची.
ते बाटलीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.
"हे नाक कुठलं?"
"लालबागचं. हे सगळं पस्तीस वर्षं अंगाला लावतेय,
वर किलोमागे मजुरी घेते."
हसले. चहा मागवला.
मी खस घेतलं, सगळ्यात छोटी कुपी,
तीही घासाघीस करून.

रविवारी हिरवी नारायणपेठी,
कानामागे एक थेंब, मनगटांवर एकेक,
आणि टॅक्सीत हात मांडीवर उताणे ठेवून बसले.
अवघड गेलं.
कुटायचं, चाळायचं, चाळणीत राहिलं ते परत कुटायचं,
ह्यावर पोसलेले हात.
एखादी गोष्ट तशीच्या तशी अंगावर मुरू द्यायची,
हे त्यांना कोण शिकवणार?

हॉलमध्ये टकलं, चष्मे, गुडघ्यांच्या गप्पा.
नावं विचारून घ्यावी लागत होती.
पाटकरीण म्हणाली, छान वास येतोय, खस का गं?
मी नुसती मान हलवली.

पुढच्या रांगेत कोणीतरी पाठमोरं शिंकलं.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा रुमाल शोधत, वळून न बघताच:
"कुंदा आली वाटतं."