खातरजमा बाकी

तुर्भ्याच्या फळबाजारात
अडत्या आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात.
वरून दिसतो नुसता रुमाल, जरासा हलणारा,
मांजराचं पिल्लू झाकून ठेवल्यासारखा.
आत बोटं बोलतात.
भाव पेटीतल्या आंब्यावर ठरत नाही,
समोरच्याची आज किती नड आहे, त्यावर ठरतो.

हे मला शिकवलं सर्जेराव शेडग्याने.
माथाडी, मूळचा जावळीकडचा, माझा खबरी.
मी मोरेश्वर घाग, गोपनीय हवालदार, वाशी.
खबरीला दोनशे रुपये आणि कटिंग.
मोसमात उलट तोच मला द्यायचा
डागी हापूस, कागदात गुंडाळून.

एका मार्चमध्ये पाठीवरची पेटी न उतरवताच तो बोलला,
"तांडेल नगरसेवक उरणला गेलता म्हणं.
बंदरावरच्या माणसाकडनं बॅग घेतली म्हणं."
कोण म्हणतं?
"म्हणत्यात."

सरकारी मराठीत 'म्हणे' चालत नाही.
'समजते' चालतं.
कुणाला समजते, हे विचारायची पद्धत नाही.
मी टाईप केलं: गोपनीय सूत्रांकडून असे समजते की.
आणि तळाला, दर वेळी लिहायचो तेच:
सदर माहितीची खातरजमा होणे बाकी आहे.
हे वाक्य म्हणजे मोरीचं भोक.
घरात पाणी तुंबू नये म्हणून ठेवलेलं.

खातरजमा राहिली.
गणपती आले, बंदोबस्त आला, कुणाचा तरी दौरा,
मग माझी बदली.
फाईल दोरीत, दोरी कपाटात.

बावीस वर्षांनी,
पालिकेच्या मतदानाला नऊ दिवस असताना,
सानपाड्यात मी ताकभात कालवत होतो
आणि टीव्हीवर माझा कागद.
माझ्या टाईपरायटरचा 'र', ओळ सोडून वर उडणारा,
अजून तसाच उडत होता.
तळाचं वाक्य कातरलेलं.
कागद जिथे संपला, त्याच्या खाली मी होतो.

एक प्रवक्ता म्हणाला, पोलिसांचा अहवाल आहे.
दुसरा म्हणाला, रद्दी आहे.
गेल्या खेपेला, दुसऱ्याच कुणाच्या बॅगेवरून,
हेच दोघे हीच वाक्यं
अदलाबदल करून बोलले होते.
एकाचं तर जाकीटही तेच.

सुनेनं विचारलं, "घेतली होती का हो खरंच?"
आता काय सांगणार.
शेडग्याच्या शंभरातल्या नव्वद खबरा वाऱ्यावरच्या.
पण त्याच्याच एका "म्हणत्यात"वर
कोपरखैरण्यात आम्ही एक कुलूप तोडलं होतं.
आत सात मुली. त्यांना उजेड सोसेना.
त्या दिवशीही खातरजमा बाकीच होती.
म्हणून रद्दी म्हणवत नाही मला.
अहवाल म्हणायला जीभ धजत नाही.
भात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी घणसोलीला गेलो, माथाडींच्या वसाहतीत.
शेडग्याचं निम्मं अंग गेलेलं, नजर मात्र शाबूत.
"कुठला तांडेल?" म्हणाला.
मग बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.
"सायेब, तुमाला त्या दिशी मोकळ्या हातानं
परत जायचं नव्हतं. यवढं आठवतंय."

संध्याकाळी एकजण घरी आला. सभ्य, पेढे घेऊन.
"काका, कार्बन कॉपी असेलच तुमच्याकडे.
ती शेवटची ओळ... कुणाला दाखवू नका."
तासाभराने दुसरा. त्याचेही पेढेच.
"ती शेवटची ओळ आम्हाला द्या. फ्रेम करू."
बॅगेत काय होतं,
तांडेल गेला होता की नाही,
हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

कॉपी आहे. ट्रंकेत, बायकोच्या शालूखाली.
दुसरा उठेना. उकाडा होता.
त्याने खिशातून रुमाल काढला,
कपाळ पुसलं,
आणि घडी न घालता गुडघ्यावर ठेवला.
मी माझी बोटं मिटून घेतली.