प्लास्टरच्या आधी

सोमवारपासून प्लास्टर.
म्हणजे हातात एक रविवार,
निळ्या खडूचे दोन तुकडे
आणि इर्शाद वायरमन,
जो अकराला येतो म्हणाला होता.

करावे गावात, तलावाच्या अंगाला,
आमचं घर सध्या नुसत्या विटा आहे.
खिडक्यांच्या जागी खाडीचा वारा
आत येतो, बाहेर जातो, कुणाला विचारत नाही.
याच वाऱ्याने जुन्या स्लॅबमधलं लोखंड
पापडासारखं फुगवलं होतं.
म्हणून या वेळी सळईला रंग, वर दीड इंच कव्हर,
बिजागऱ्या स्टेनलेसच्या.
ठेकेदार म्हणाला, काका, आतलं कोण बघतंय?
तीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला होतो, म्हटलं.
कुणी बघत नाही तेच आधी सडतं.

मग भिंतीभिंतीवर खुणा करत फिरलो.
इथे प्लग. गुडघ्याला नको, कंबरेला;
वाकणं आता परवडत नाही.
इन्व्हर्टर जिन्याखाली.
पोर्चमध्ये गाडी चार्ज करायला जाड वायर
(गाडी नाही अजून. स्कूटर आहे, पेट्रोलची).
संडासात, उजव्या हाताला,
विटेत एक लोखंडी पट्टी गाडून ठेवायची,
पुढेमागे धरायला दांडा लागलाच तर.
मुलगा ती खूण बघून गप्प झाला.
मी टाकीच्या पाण्याकडे विषय नेला.

मागच्या अंगणात मासळीचा ओटा.
चाळीस वर्षं गुलाब मोरलीवर उकिडवी बसली,
कोलंबी, बोईट, पावसाळ्यात निवट्या,
आणि उठताना दर वेळी भिंतीला म्हणाली, थांब गं.
आता उभ्याने. वर नळ, खाली जाळी.
मिस्त्रीने विचारलं, उंची कुणाच्या कोपराची?

गुलाब माझ्या खांद्याला लागते.
सून रुचिता तिच्याहून वीतभर उंच,
जिने आजवर एक कोलंबी सोललेली नाही.
गुलाब म्हणाली, तिची घ्या.
राहणार ती हाय. मना पाट चालल.
मिस्त्रीने रेघ मारली.
रुचिताने तळहाताने ती पुसली,
सासूचा कोपर धरून भिंतीला टेकवला
आणि खाली नवी मारली.
पहिली नीट पुसली गेली नव्हती.
आता दोन रेघा आहेत, चार बोटांच्या अंतराने,
आणि मिस्त्री म्हणतो, उद्या सकाळी सांगा,
पण एकच सांगा.

इर्शाद साडेतीनला आला.
खुणा मोजल्या, मान हलवली, बजेट विचारलं.
तळमजल्यापासून गच्चीपर्यंत
एक पाइप जास्तीचा टाक, म्हटलं. रिकामा.
आत नुसती एक तार सोड, पुढे काही ओढायला.
काय ओढणार?
ते मला ठाऊक असतं
तर आत्ताच नसती का ओढली?
तो हसला, पण त्याने लिहून घेतलं:
रिकामा पाइप, एक.

उजेड जायच्या आत
प्रत्येक भिंतीला टेप धरून फोटो काढले.
उद्या सगळं सारखं दिसेल;
खिळा ठोकताना कुठे पाणी आहे, कुठे वीज,
हे या फोटोंतूनच कळायचं.
मागच्या भिंतीच्या फोटोत
टेप गुलाबच्या हातात आहे,
तिचा अंगठा तेवढा आलाय,
सत्तावीस इंचांवर.
तिथे काहीच येणार नाही.
दमली होती म्हणून टेकवला असेल.